आर्त्वाची भाऊबंदकी

गेल्या शनिवारी एका फ्रेंच वंशावळीत अडकलो आणि आठवड्याचे कपडे धुवायचे राहून गेले. उत्तर फ्रान्समधल्या आर्त्वा काउंटीच्या यादीत रॉबर्ट दुसरा याच्यानंतर थेट माओ (चीनवाला नव्हे, ही बाई!) आणि नातू रॉबर्ट गायब. म्हटलं, डेटा एंट्रीत घोळ झाला की काय?

घोळ नव्हता. आजोबा रॉबर्ट ११ जुलै १३०२ ला कूर्त्रेच्या लढाईत पडले. मुलगा फिलिप आधीच १२९८ मध्ये गेलेला. उरले दोघं: मुलगी माओ आणि फिलिपचा पंधरा वर्षांचा रॉबर्ट. आपण म्हणू, नातवालाच मिळणार. पण आर्त्वाच्या रिवाजात मेलेल्या मुलाच्या जागी त्याचा मुलगा उभा राहू शकत नसे. आत्या जिंकली, भाचा हरला.

मोठा झाल्यावर त्याने दावा लावला. १३०९ मध्ये हरला, १३१८ मध्ये पुन्हा हरला. तोवर माओचा जावई फिलिप पाचवा राजा झाला होता, आता बोला! त्यात गंमत अशी, की या जावयाने पुतणीला डावलून गादी मिळवली आणि १३१७ मध्ये बाईला फ्रान्सची गादी नाही असं ठरलं. सासूची काउंटी मात्र शाबूत.

इथपर्यंत मी रॉबर्टच्या बाजूने होतो.

१३२८ मध्ये त्याचा मेव्हणा फिलिप सहावा राजा झाला, १३२९ मध्ये माओ वारली. रॉबर्टला वाटलं, हीच वेळ. त्याने आजोबांच्या वचनाचे दस्त पुढे केले. ते निघाले बनावट. ते तयार करणाऱ्या झान द दिव्हियों या बाईला १३३१ मध्ये जाळलं. रॉबर्ट निसटला, १३३२ मध्ये त्याला हद्दपार करून मालमत्ता जप्त केली. शिक्षेतला हा फरक मला अजून पचलेला नाही.

पुढे तो इंग्लंडच्या एडवर्ड तिसऱ्याकडे गेला. मे १३३७ मध्ये फिलिपने एडवर्डचा गियेन प्रांत जप्त केला, तेव्हा रॉबर्टला दिलेला आसरा हे एक कारण दाखवलं. शंभर वर्षांचं युद्ध सुरू झालं ते इथून. गियेनचं भांडण जुनंच होतं, त्यामुळे सगळं खापर रॉबर्टवर फोडणं बरोबर नाही. पण निमित्त आयतंच मिळालं.

इंग्रजांकडून लढताना व्हानला जखमी होऊन १३४२ मध्ये तो मेला. आर्त्वा तेव्हा माओच्या नातीकडे होतं.