कौतुक आणि काप्पु : तंजावरच्या वाङ्मयपरंपरेतील अपत्यस्तुती

मराठीत 'कौतुक' हा शब्द आज प्रामुख्याने प्रशंसा व लाड या अर्थांनी रूढ आहे. संस्कृतात त्याची व्याप्ती अधिक मोठी आहे. कुतूहल, उत्सुकता, उत्सव या अर्थांबरोबरच विवाहप्रसंगी मनगटावर बांधावयाचे मंगलसूत्र, म्हणजे कंकण, असाही त्याचा अर्थ आहे. तमिळमधील 'काप्पु' या शब्दाचा अर्थ रक्षण; रक्षेसाठी बांधलेला दोरा आणि मनगटातील कडे यांनाही तोच शब्द लावतात. या दोन शब्दांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काहीही संबंध नाही. तथापि मुलाची स्तुती आणि मुलाचे रक्षण या दोन क्रिया एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत, ही जाणीव दोहोंच्या मुळाशी आहे. तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या चार भाषा ज्या तंजावरात शतकानुशतके शेजारी नांदल्या, तेथील वाङ्मयात या जाणिवेचा मागोवा घेणे उद्बोधक ठरते.

आईबापांनी आपल्या अपत्याची अतोनात स्तुती करणे हा कथावाङ्मयातील फार जुना विषय होय. चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वत्सल हा स्वतंत्र रस मानला, तेव्हा या भावनेला शास्त्रात स्थान मिळाले. दुसरीकडे लोकव्यवहाराने तिची थट्टाच केली. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही मराठी म्हण आणि कावळ्यालाही आपले पिल्लू सोन्याचे वाटते, अशा अर्थाची तमिळ म्हण यांत एकच निरीक्षण आहे. अतिशयोक्ती हा अपत्यस्तुतीचा स्वभावच असेल, तर तिला मर्यादा कोणती आणि ती कोणी घालावयाची, हा खरा प्रश्न आहे. तंजावरच्या परंपरेने त्याचे उत्तर तत्त्वचर्चेतून दिलेले नाही. वाङ्मयप्रकारांच्या घडणीतून व कथांच्या परिणतीतून दिले आहे.

तमिळमधील 'पिळ्ळैत्तमिऴ' हा प्रबंधप्रकार या दृष्टीने प्रथम विचारात घ्यावयास हवा. देवता, राजा वा थोर पुरुष यांना तान्हे मूल कल्पून आईच्या वाणीने त्यांची स्तुती करणे, हे त्याचे स्वरूप. सुमारे तिसऱ्या महिन्यापासून एकविसाव्या महिन्यापर्यंतच्या बाललीलांचे दहा 'परुवम्', म्हणजे टप्पे, त्यात कल्पिलेले असतात. पहिले सात टप्पे मुलगा व मुलगी यांना समान असून शेवटचे तीन भिन्न असतात. पाळणा, टाळ्या वाजविणे, मुका मागणे, जवळ बोलावणे, चंद्राला खेळावयास बोलावणे असा हा क्रम आहे. बाराव्या शतकात ओट्टक्कूत्तर या राजकवीने दुसऱ्या कुलोत्तुंग चोळावर असा प्रबंध रचला. ज्याच्यापुढे मांडलिक नमत होते त्या सम्राटाला कवीने रांगते मूल केले. पुढे सतराव्या शतकात कुमरगुरुपरर यांनी कावेरीच्या खोऱ्यातील वैदीश्वरन् कोविल येथील मुरुगनावर 'मुत्तुक्कुमारस्वामी पिळ्ळैत्तमिऴ' रचले.

या प्रबंधाचा पहिला टप्पा नेहमी 'काप्पु' असतो. मुलाच्या रूपाचे वा पराक्रमाचे वर्णन सुरू होण्यापूर्वी त्याचे रक्षण व्हावे म्हणून देवतांना आवाहन केले जाते आणि त्यांत पालनकर्ता म्हणून विष्णूला अग्रस्थान मिळते. पुढे शंभराच्या आसपास पद्यांत स्तुतीची लयलूट व्हावयाची आहे. त्या स्तुतीनेच मुलाला दृष्ट लागू नये, हा यामागील हेतू. मराठी घरात बाळाला सजविल्यानंतर गालावर काजळाची तीट लावतात. तिच्या मागेही हाच विचार आहे. पिळ्ळैत्तमिऴमध्ये आणखी दोन मर्यादा अंगभूत आहेत. स्तुतीला वयाचा शेवट आहे. दहावा टप्पा संपला की प्रबंध संपतो. आणि स्तुती आईच्या वाणीने होत असली, तरी ती करणारा कवी असतो. स्वतः जन्मदाता नसतो. ही दुसरी मर्यादा 'तिरुक्कुरळ'च्या अपत्यविषयक अध्यायाशी जुळणारी आहे. तिरुवळ्ळुवरांच्या मते मुलगा थोर आहे असे इतरांच्या तोंडून ऐकताना आईला त्याच्या जन्मवेळेपेक्षाही अधिक आनंद होतो. आईच्या वाट्याला तेथे स्तुती ऐकण्याचे सुख आहे. ती करण्याचा अधिकार समाजाकडे आहे.

संस्कृत परंपरेत याच मर्यादेचे एक हृद्य उदाहरण कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त आढळते. सातव्या सर्गात पार्वतीच्या विवाहापूर्वी मेना लेकीच्या मनगटावर लोकरीचे कौतुकसूत्र बांधते. तिचे डोळे अश्रूंनी भरलेले असल्याने सूत्र भलत्याच जागी बांधले जाते आणि धात्री ते बोटांनी सरकवून योग्य ठिकाणी आणते. मेनेच्या प्रेमात उणे काहीच नाही. मात्र त्या प्रेमानेच तिची दृष्टी अंधुक झाली आहे. ती चूक सुधारण्यासाठी तितकी न भारावलेली दुसरी व्यक्ती जवळ असावी लागते. कालिदासाने येथे उपदेश केलेला नाही. एका छोट्या कृतीत तो सारे सांगून जातो.

विवाहाचा हा प्रसंग तंजावरच्या मराठी रंगभूमीचाही आवडता विषय होता. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. त्यांचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द 1684 ते 1712) यांच्या नावावर मराठी नाटकांची मोठी मालिका आहे. त्यांचे 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे उपलब्ध मराठी नाटकांपैकी आद्य मानले जाते. 'कल्याण' म्हणजे विवाह. दैवी वधूवरांच्या अशा कथांत कन्येचे रूपगुणवर्णन हा केवळ मायेचा उद्गार नसतो. त्यातून कुळाची प्रतिष्ठाही बोलते. कन्येच्या स्तुतीचा हा राजसभेतील सोहळा ध्यानात ठेवावयास हवा. कारण याच घराण्याच्या अखेरीस कन्येचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहणार होता.

स्तुतीची मर्यादा ओलांडली गेल्यास काय होते, याचे सर्वांत तीव्र चित्रण तंजावरनजीकच्या मेलट्टूरने जपले आहे. नायक राजा अच्युतप्पाने ब्राह्मण कुटुंबांना दिलेल्या या गावी भागवतमेळ्याची परंपरा असून नरसिंहजयंतीला मेलट्टूर वेंकटराम शास्त्री यांचे 'प्रह्लादचरित्रमु' हे तेलुगू नाटक सादर होते. स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात. प्रह्लादाची आई लीलावती हीदेखील पुरुष नटच साकारतो. या कथेच्या मुळाशी असलेला भागवताच्या सप्तम स्कंधातील प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. हिरण्यकशिपू मुलाला मांडीवर घेऊन, तुला सर्वांत चांगले काय वाटते ते सांग, असे लाडाने विचारतो. अपेक्षेविरुद्ध उत्तर येताच तो प्रथम हसतो आणि दोष इतरांच्या शिकवणीला देतो. पुन्हा तसेच उत्तर आल्यावर मात्र तोच बाप त्या मुलाला मांडीवरून फेकून देतो.

हिरण्यकशिपूला केवळ क्रूर पिता मानल्यास या प्रसंगाचे मर्म हातून निसटते. तो आधी कौतुक करणारा पिता आहे. परंतु मुलाच्या मुखातून त्याला स्वतःचीच थोरवी ऐकावयाची आहे. आपले प्रतिबिंब म्हणून केलेल्या कौतुकात मूल वेगळे निघण्यास जागाच नसते. मांडी आणि जमीन यांतील अंतर म्हणूनच इतके कमी ठरते. धृतराष्ट्राची कथा याच्या उलट टोकाची आहे. दुर्योधनाच्या जन्मवेळी अपशकुन झाले, विदुराने सावध केले. तरी त्याने मुलाला दूर केले नाही आणि पुढेही आवरले नाही. मेनेजवळ धात्री होती. धृतराष्ट्राजवळ विदुर असूनही त्याने चुकलेले सूत्र सरकवू दिले नाही. एका पित्याला मुलाचे वेगळेपण सोसवले नाही, दुसऱ्याला मुलाचा दोष पाहवला नाही. दोन्ही ठिकाणी मूल प्रत्यक्षात कसे आहे, हे पाहणे राहूनच गेले.

तंजावरच्या भोसले घराण्यात हा विषय केवळ कथेपुरता उरला नव्हता. 1787 मध्ये तुळजाराजे (दुसरे) यांनी मृत्यूपूर्वी सुमारे दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि मुलाच्या हिताची काळजी जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्याकडे सोपविली. दत्तकविधान शास्त्रसंमत आहे काय, असा वाद उपस्थित झाला. कंपनी सरकारने तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांना गादीवर बसविले. श्वार्ट्झ 1798 च्या फेब्रुवारीत वारले आणि त्याच वर्षी सरफोजींना गादी मिळाली. ज्या मुलाचे पुत्रत्वच वादात सापडले होते, त्याने 1803 मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचे वंशचरित्र मराठीत कोरविले. या प्रदीर्घ शिलालेखात मुलाने कुळाची स्तुती केली आहे. आणि तीमागे आपण या कुळाचे आहोत, हे सांगण्याची निकड आहे. श्वार्ट्झच्या थडग्यासाठी सरफोजींनी रचलेल्या इंग्रजी पद्यातही त्यांनी त्याला पिता म्हणून संबोधले आणि त्याला शोभेसे आपण व्हावे, अशी इच्छा व्यक्त केली. श्वार्ट्झच्या वाट्याला आलेली भूमिका मेनेजवळच्या धात्रीसारखी होती. तो जन्मदाता नव्हता. म्हणूनच कदाचित शिक्षक होऊ शकला.

याच सरफोजींच्या छापखान्यातून 1806 मध्ये इसापनीतीचा मराठी अनुवाद 'बालबोध मुक्तावली' या नावाने बाहेर पडला. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातील या ग्रंथाचे महत्त्व सर्वमान्य आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याच्या शीर्षकातील 'बाल' हा शब्द लक्षणीय वाटतो. पाळण्यातले स्तवनीय मूल येथे शिकावयाचे मूल झाले आहे. इसापच्या परंपरेत अपत्यप्रेमाविषयी दोन प्रसिद्ध कथा आहेत. एका कथेत माकडीण आपले कुरूप पिल्लू देवांच्या सौंदर्यस्पर्धेत घेऊन जाते. देव हसतात, तरी आपलेच पिल्लू सर्वांत देखणे, हे तिचे मत बदलत नाही. दुसरीत ती जुळ्यांपैकी लाडक्या पिल्लाला इतके घट्ट कवटाळते की ते गुदमरून मरते. दुर्लक्षित पिल्लू मात्र वाचते. महाभारताच्या स्त्रीपर्वात पुत्रशोकाने संतप्त धृतराष्ट्र भीम समजून लोखंडी पुतळ्याला मिठी मारतो आणि त्याचा चुराडा करतो. तेथे मिठी द्वेषाची आहे, इसापच्या कथेत ती प्रेमाची आहे. परंतु आंधळेपण दोहोंत समान आहे. पहिल्या माकडिणीला मात्र इसापनेही शिक्षा दिलेली नाही. तिच्या अतिशयोक्तीने कोणाचे वाईट झाले नाही. हसणे आणि दोष देणे यांतील हा भेद त्या कथापरंपरेने नेमका ओळखला आहे.

1855 मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे (दुसरे) पुत्रसंतती न ठेवता निवर्तले. त्यांच्या कन्येकडे गादी जावी, हा विचार डलहौसीच्या काळातील कंपनी सरकारने मान्य केला नाही आणि तंजावरचे राजपद संपुष्टात आले. ज्या दरबारात लक्ष्मीच्या विवाहाचे नाटक रचले गेले, त्या दरबाराला आपल्या लेकीसाठी सत्तेचे दार उघडता आले नाही. वाङ्मयातील स्तुती कितीही उदार असली, तरी व्यवहारातील अधिकार तिच्याबरोबर येत नाही, ही गोष्ट या घटनेने स्पष्ट केली.

तात्पर्य, तंजावरच्या परंपरेने अपत्यस्तुतीचा निषेध केला नाही. तिला रक्षणाची, वयाची आणि परक्या हाताची मर्यादा घातली. काप्पुविना स्तुती सुरू करू नये, दहाव्या टप्प्यावर ती थांबवावी आणि सूत्र चुकले तर धात्रीला ते सरकवू द्यावे, एवढीच तिची अपेक्षा आहे. कथावाङ्मयातील लाडावलेल्या मुलांचा विचार करताना अभ्यासकांनी आईबापांच्या प्रेमाचे प्रमाण मोजण्याऐवजी त्या प्रेमाभोवती अशी व्यवस्था आहे किंवा नाही, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. प्रह्लाद आणि दुर्योधन या दोघांच्याही वाट्याला पित्याची मांडी आली होती. ही व्यवस्था मात्र दोघांपैकी एकाच्याही वाट्याला आली नाही.