इंग्लंड-पोर्तुगाल मैत्री

समुद्रापलीकडच्या या दोन राज्यांमधील लष्करी सख्य. आजही लागू असलेल्या अशा करारांत ते सर्वांत जुने मानले जाते. पहिला तह १३७३ मध्ये झाला. आल्झुबारोताच्या लढाईत (१३८५) इंग्रज तिरंदाज पोर्तुगीजांच्या बाजूने शेजारच्या कॅस्टील राज्याविरुद्ध लढले आणि पुढच्या वर्षी विंडसरच्या तहाने मैत्री पक्की झाली.

तिचे मोल परस्परांच्या गरजेत होते. पोर्तुगालला बलाढ्य शेजारी स्पेनविरुद्ध पाठीराखा हवा होता, तर इंग्लंडला सुरक्षित बंदरे आणि व्यापार. १६६१ च्या विवाह-तहात हा व्यवहार स्वच्छ दिसतो. पोर्तुगीज राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रगान्झा हिच्याबरोबर इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सला टँजियर आणि मुंबई बेट आंदण मिळाले. बदल्यात त्याने पोर्तुगालच्या रक्षणाची हमी दिली. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो इ कास्त्रो याने बेट सोडायला दीर्घकाळ टाळाटाळ केली. इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान आपल्या हातून गेला, असे त्याने पोर्तुगालच्या राजाला कळवले. तरीही १६६५ मध्ये ताबा द्यावाच लागला. त्याची भीती अनाठायी नव्हती. मित्राच्या मदतीची किंमत बहुधा दुबळ्यालाच अधिक मोजावी लागते.

१८०७ मध्ये नेपोलियनच्या फौजा लिस्बनवर चालून येताच ब्रिटिश आरमाराच्या संरक्षणात पोर्तुगीज राजघराणे ब्राझीलला गेले. १९४३ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान चर्चिलने १३७३ च्या जुन्या तहाच्या आधारे आझोर्स बेटांवर तळ मिळवले. मात्र १९६१ मध्ये गोव्याच्या प्रश्नावर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने मदत मागितली, तेव्हा ब्रिटनने भारताविरुद्ध उभे राहण्याचे नाकारले.