थिबा राजवाडा : कैदेचे वैभव

समुद्रकाठच्या ऐतिहासिक वास्तू म्हटल्या की मराठी मनाला आठवतात ते सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा. हे किल्ले शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधले गेले. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीवरील उंचवट्यावर उभा असलेला थिबा राजवाडा मात्र एका माणसाला आत ठेवण्यासाठी बांधला गेला.

आमच्या वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांसह कोकणात उतरलो तेव्हा ओढ होती ती समुद्राचीच. राजवाड्यातील संग्रहालय हा वाटेवरचा थांबा. उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या, प्रशस्त दालने पाहून मुलांनी विचारले, "हा राजवाडा राजानेच बांधला ना?" प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तरातच या वास्तूचा सारा इतिहास आहे.

थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाँग घराण्याचा अखेरचा राजा. १८७८ साली तो मंडालेच्या गादीवर आला. त्याच्या राज्यारोहणानंतर राजघराण्यातील अनेकांची हत्या झाली, हे विसरून त्याला केवळ दयेचा विषय करणे योग्य नव्हे. मात्र त्याचे राज्य गेले ते या पापामुळे नव्हे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने सागवानाचा महसूल बुडवल्याचा ठपका ठेवून त्याच्या दरबाराने तिला जबर दंड केला. या तंट्याचे निमित्त करून इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये युद्ध पुकारले आणि जेमतेम पंधरा दिवसांत मंडाले घेतले. मुंबईचे नाव लावणाऱ्या कंपनीच्या भांडणात राज्य गमावलेला राजा मुंबई इलाख्यातच कैदेत यावा, हा योगायोग बोलका आहे. १८८६ साली, मद्रासमार्गे, तो राणी सुपयालत आणि कुटुंबासह रत्नागिरीस आला.

राजवाडा तयार झाला १९१० च्या सुमारास. तोवर दोन तपे हे कुटुंब बंगल्यांतून राहिले. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला; म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातील जेमतेम सहा वर्षे या 'राजवाड्या'ची. इमारत सरकारने बांधली, खर्चाची मर्यादा सरकारने ठरवली. राजाकडे राहिली ती खिडकीतून दिसणारी गलबते.

नेमक्या याच काळात उलट दिशेने एक प्रवास झाला होता. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. १९१०-११ च्या हिवाळ्यात ते तेथे 'गीतारहस्य' लिहीत होते, तेव्हा मंडालेचा राजा रत्नागिरीच्या नव्या घरात स्थिरावत होता. माणसाला त्याच्या भाषेपासून आणि माणसांपासून तोडले की त्याची सत्ता संपते, हा साम्राज्याचा हिशेब. म्हणूनच १८५८ साली बहादूरशहा जफर दिल्लीहून रंगूनला धाडला गेला.

आम्हां वर्धेकरांना या वास्तूत आणखी एक ओळखीची गोष्ट सापडते. १९३६ साली गांधीजी आमच्याकडील शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. माती, बांबू आणि कवेलूंच्या बापूकुटीत राहणाऱ्या या माणसाला ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झाली, ती मुंबईत. आणि कोंडले गेले ते पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये. महादेवभाई आणि कस्तुरबा तेथेच गेले. भव्य छपराखाली कैद आणि कवेलूंच्या छपराखाली स्वातंत्र्य, हा विरोध ज्याने सेवाग्राम पाहिले आहे त्याला रत्नागिरीत अधिकच जाणवतो. वास्तूची थोरवी तिच्या भिंतींवरून ठरत नाही. आतल्या माणसाला दार उघडून बाहेर पडता येत होते का, यावरून ठरते.

राणी आणि राजकन्या १९१९ साली ब्रह्मदेशी परतल्या. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली. तिची मुलगी येथेच मराठी बोलत वाढली आणि साधेपणाने संसार करून २००० साली वारली. राजाची कबर रत्नागिरीतच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनाला आले, म्हणजे मृत्यूनंतर तब्बल शहाण्णव वर्षांनी राजाला स्वदेशाचा राष्ट्रप्रमुख भेटला.

संग्रहालये आपल्याला वस्तू दाखवतात. शब्दांची झडती मात्र पाहणाऱ्यानेच घ्यायची असते. 'राजवाडा' या शब्दातील तुरुंग मुलांना दाखवता आला, तर सहल सार्थकी लागली म्हणावी.