सहा पिसांचा हुकूम

इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याने 1417 साली परगण्या-परगण्यांच्या शेरिफांना फर्मान धाडलं: प्रत्येक कलहंसाच्या पंखांतली सहा-सहा पिसं उपटून सरकारात जमा करा. अंड्यांवर बसलेल्या माद्यांना तेवढी सूट. कलहंस म्हणजे ज्याला आपण बदक म्हणून मोकळे होतो तो लांब मानेचा, करडा किंवा पांढरा, भलत्या माणसाच्या अंगावर धावून जाणारा पाळीव पक्षी. आजँकूरची लढाई मारून दोन वर्षं झाली होती, फ्रान्सवर पुन्हा चालून जायचं होतं आणि इंग्रजांची सारी भिस्त लांब धनुष्यांवर. पुढच्याच वर्षी शेरिफांकडे मागणी आली ती 11 लाख 90 हजार पिसांची.

सहाच का, ते बाण बांधणाऱ्याला सांगावं लागत नाही. एका बाणाला तीन पिसं लागतात आणि ती तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली लागतात. डाव्यातली तीन, उजव्यातली तीन. एका पक्ष्यामागे दोन बाण. पक्षी मरत नाही, पिसं पुन्हा येतात, म्हणजे पुढच्या वर्षी वसुली आहेच. हा हिशोब माझा. पण राजाच्या पदरी बाण बांधणारे भरपूर होते, त्यांनीही असाच काहीसा मांडला असणार.

मी मूळची सांगलीची, आता बरीच वर्षं विस्कॉन्सिनमध्ये आहे. शिकार करत नाही, करावीशी वाटलीही नाही. पण धनुष्यबाणानं हरीण मारायला वेगळा हंगाम देणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या राज्यांपैकी हे एक (1934 साली), आणि साधं लाकडी धनुष्य घेऊन रानात जाणारे लोक इथे अजून आहेत. त्यांच्यासाठी ओरेगॉनच्या किनाऱ्याकडच्या सीडर लाकडाचे बाण बांधून देणं हा माझा जोडधंदा. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: शिकारीला पीस कुठल्या पक्ष्याचं चांगलं? या प्रश्नापायी मी जुनी पुस्तकं चाळायला लागले आणि वाचता वाचता पटत गेलं, की हा निर्णय शिकाऱ्यानं फारसा कधी घेतलेलाच नाही. तो झाला स्वयंपाकघरात, खाटकाच्या दुकानात आणि सरकारी कचेरीत.

आधी पीस हातात घेऊन पाहू. टोक वर करायचं आणि गुळगुळीत बाजू आपल्याकडे. कण्याला पन्हाळीसारखी खोबण असते ती बाजू मागे. रुंद भाग उजवीकडे आला तर पीस उजव्या पंखाचं, डावीकडे आला तर डाव्या. अरुंद भाग टाकून द्यायचा, तो कामाचा नाही. कणा उभा चिरायचा, आतला भुसभुशीत गर घासून काढायचा, इतका की पीस बोटांत धरलं तर लवेल पण लुळं पडणार नाही. मग चिमट्याच्या साच्यात धरून दांडीवर चिकटवायचं, किंचित तिरपं. पिसाचा मुळातला बाक आणि हा तिरपेपणा मिळून बाणाला गिरकी देतात, म्हणून तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखातली. एक जरी उलटं बसलं तरी दोन एकीकडे ओढतात, तिसरं दुसरीकडे, आणि रुंद पात्याचा शिकारी बाण वीस पावलांतच भरकटतो. शेवटी कण्याच्या पुढच्या टोकावर रेशमाचे चार वेढे आणि डिंकाचा थेंब. हा आळस केला तर बाण सुटताना ते टोक धनुष्य धरलेल्या मुठीवरून जातं आणि कातडी सोलून काढतं.

या कामाची इंग्रजीतली पहिली नीट चर्चा एका मास्तरानं केली. रॉजर अ‍ॅस्कम, केंब्रिजचा ग्रीकचा पंडित, पुढे पहिल्या एलिझाबेथचा शिक्षक. त्याचं 'टॉक्सोफिलस' 1545 साली निघालं, आठव्या हेन्रीला अर्पण केलं आणि राजानं खूश होऊन त्याला वर्षाला 10 पौंडांचं वेतन बांधून दिलं. पुस्तक दोन मित्रांच्या संवादाचं आहे आणि त्यात पिसांवर बराच खल आहे. म्हाताऱ्या पक्ष्याचं पीस ताठ, ते जड बाणाला. कोवळ्याचं मऊ, ते हलक्या, चपळ बाणाला. पीस उंच कापावं की बुटकं, पाठ डुकरासारखी ठेवावी की त्रिकोणी, सगळं आहे. धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला येणारं पीस काळं किंवा करडं असावं, म्हणजे घाईत बाण उलटा लागत नाही, हा त्याचा सल्ला मी आजही पाळते.

पण त्याचा खरा जीव कलहंसावर. मोराचं पीस दिसायला देखणं, बाणाला कुचकामी, असं त्याचं मत. (चॉसरच्या कवितेतला वनरक्षक मोरपिसांचे बाण मिरवतो तो त्याच्या दीडशे वर्षं आधी; म्हणजे नखरा जुनाच.) कलहंस मात्र झोपायला गादी देतो, लिहायला लेखणी देतो, ताटात मांस देतो आणि वर बाणाला पीस. मास्तर ज्या पिसानं लिहीत होता त्याच्याच भावंडाची शिफारस करत होता! त्याचं कौतुक मला पटतं, मात्र त्यात एक गोष्ट आपोआप गृहीत धरलेली आहे. हा पक्षी इंग्लंडच्या गावागावांत, गायरानावर, कळपांनी होता. गरुडाचं पीस काकणभर सरस निघालं असतं तरी 12 लाख गरुडपिसं कुठला शेरिफ आणणार होता?

त्याच 1545 च्या जुलैत 'मेरी रोझ' हे हेन्रीचं लढाऊ जहाज पोर्टस्मथजवळच्या समुद्रात बुडालं. 1982 साली सांगाडा वर काढला. शंभरावर लांब धनुष्यं आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण त्यातून मिळाले, दांड्या बहुतेक पॉप्लरच्या. पिसं जवळजवळ सगळी कुजून गेलेली. मात्र दांडीच्या शेपटाकडे दोऱ्याच्या वेढ्यांचे वळ होते आणि चिकट थरात तांब्याचा अंश. किडीला पीस आवडतं, तांब्याचं विष आवडत नाही. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. लंडनमध्ये हे लोक धनुष्य करणाऱ्यांपासून 1371 सालीच वेगळे झाले होते, महापौराकडे अर्ज करून. दांडीपेक्षा हे शेपटाचं काम अवघड, हे मी आपली बाजू घेऊन सांगते आहे असं समजा.

अमेरिकेतली गोष्ट निराळी. 1911 च्या ऑगस्टात कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ उपाशी, एकटा माणूस सापडला. 'याही' नावाच्या जमातीतला तो शेवटचा. बाकीचे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत आणि उपासमारीत संपले होते. त्यानं आपलं नाव सांगितलं नाही, म्हणून मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला इशी म्हटलं. 'याही' बोलीत त्याचा अर्थ माणूस, एवढाच. तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला आणि 1916 च्या मार्चमध्ये क्षयानं गेला. विद्यापीठातले शल्यविशारद सॅक्स्टन पोप हे त्याचे डॉक्टर, आणि धनुर्विद्येत त्याचे शिष्य. इशी काय वापरी याची पोपनी दिलेली यादी लांबलचक आहे: गरुड, ससाणा, घुबड, गिधाड, रानहंस, बगळा, टर्की. डोंगरात जे उडतं ते. सरस मिळो न मिळो, हरणाच्या स्नायुबंधाची दोरी चावून मऊ करायची आणि तिनं पिसं आवळायची.

पोपचं शिकारीवरचं पुस्तक 1923 साली आलं आणि अमेरिकेतल्या हौशी धनुर्धरांची पिढी त्यावर वाढली. पण इशीची यादी त्यांच्या उपयोगाची उरली नव्हती. स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा 1918 चा, गरुडांचा 1940 चा. माझ्या अंगणात ससाण्याचं गळलेलं पीस पडलं तरी ते उचलून घरात ठेवणं गुन्हा आहे. काही मूळनिवासी जमातींना धर्मकार्यापुरती मुभा आहे, माझ्यासारख्या सामान्य माणसाला नाही. कायदा योग्यच आहे. त्याच्या आधी हजारो पक्षी बायकांच्या टोप्यांसाठी मारले जात होते.

उरली टर्की. नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगला घरोघर शिजते, पंख खाटकाकडे पडून राहतात. पीस रुंद, कणा मजबूत, शिवाय जवळजवळ फुकट. कलहंसाचं पीस ओलाव्यात जास्त टिकतं, हे खरं. पण इथे कलहंस खातो कोण? टर्की जिंकली ती सणामुळे. पुढे तर आणखी गंमत झाली. जुनी टर्की काशाच्या रंगाची, पंखांवर पट्टे. पण काळ्या पिसाची खुंटं सोललेल्या कातडीवर डाग दिसतात, गिऱ्हाइकाला ते नको, म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाळणाऱ्यांनी पांढऱ्या जातीच वाढवल्या. परिणाम असा, की आज बाजारात बाणाची पिसं बहुतेक पांढरी येतात, मग ती लाल, पिवळी, हिरवी रंगवतात आणि पट्टेदार हवी असतील तर पट्टे वरून छापतात. खरी पट्टेदार पिसं महाग. रानात आपला बाण हरणाला दिसू नये म्हणून जो माणूस छापील पट्ट्यांसाठी जादा पैसे मोजतो, तो स्वच्छ दिसणाऱ्या टर्कीची किंमत भरतो आहे हे त्याला कुणी सांगत नाही. मीही सांगत नाही, धंदा आहे.

प्लॅस्टिकचं काय? चाकं लावलेलं कंपाउंड धनुष्य आलं, त्याचं पेटंट 1969 चं. त्यावर बाण वेगळ्या आधारावर ठेवतात, तिथे प्लॅस्टिकची पाती उत्तम चालतात, पावसात भिजतही नाहीत. साध्या धनुष्यात बाण लाकडाला घासून जातो. पीस क्षणभर आडवं होतं आणि पुन्हा उभं राहतं. प्लॅस्टिक ठेचकाळतं आणि बाण बाजूला उडतो. म्हणून जुन्या धनुष्याला पीसच.

आपल्याकडचं पाहायला गेले तर माझ्या म्हणण्याला थोडा तडा जातो. चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरपद्धतीत बाणाच्या पिसांची यादी आहे, आणि बाणाला तीन नाही, चार पिसं सांगितली आहेत. कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर. अ‍ॅस्कमनं नाकारलेला मोर इथे सन्मानानं बसला आहे. पाळीव पक्ष्यांच्या कळपाचा प्रश्नच नाही. तरी ही यादी सुरू होते कावळ्यापासून, जो दारोदार होता आणि फर्मानाशिवाय मिळत होता. आज यातला मोर आणि गिधाड मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंद, आणि गिधाडं तर डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधानं जवळजवळ संपवलीच.

तेव्हा एक विनंती. दसऱ्याला शस्त्रं काढून पुसणारी घरं आपल्याकडे अजून आहेत. एखाद्या वाड्यात जुना भाता असेल, बाणांची पिसं कसरीनं खाल्लेली असतील, तर शेपटाकडचा चिकट थर आणि दोऱ्याचे वळ ओल्या फडक्यानं पुसू नका. आधी जवळून फोटो घ्या, वेढे मोजा, पिसांच्या खुणा तीन आहेत की चार ते लिहून ठेवा, आणि एखादं पीस शिल्लक असेल तर ते उजव्या पंखाचं की डाव्या, तेही.