सही केली, पण कशावर? वझीरएक्स, हार्डवेअर वॉलेट आणि १८ जुलै २०२४

मानखुर्द सोडून गाडी वाशी खाडीच्या पुलावर आली की माझं नेटवर्क जातं, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांची हीच तक्रार असते. म्हणून हा एपिसोड लेखी. बोलण्यातला फापटपसारा काढलाय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात आईपासून करतो. माझी आई आमच्या गल्लीतल्या बचत गटाची सचिव आहे. गटाच्या खात्यातून पैसे काढायचे तर दोघींच्या सह्या लागतात, अध्यक्षांची आणि तिची. मागे एकदा पासबुकाच्या पिशवीत मला चार विथड्रॉवल स्लिपा सापडल्या. चारीवर दोन्ही सह्या तयार. रक्कम कोरी, तारीख कोरी.

"आई, हे काय?"

"अरे, बँकेत जायचं म्हणजे दिवस मोडतो. अध्यक्षबाईंची दोन घरची कामं बुडतात. म्हणून सह्या आधीच करून ठेवतो. जी मोकळी असेल ती जाते."

पैसे गेले नव्हते, कुणी खाल्लेही नव्हते. पण मी त्या स्लिपा हातात धरून बसलो, कारण नेमका हाच प्रकार मुंबईतल्या एका कंपनीत झाला होता. फरक एवढाच की तिथे सह्या जगातल्या नावाजलेल्या हार्डवेअर वॉलेटवर झाल्या होत्या, आणि गेले सुमारे २३ कोटी ५० लाख डॉलर. रुपयांत जवळजवळ दोन हजार कोटी.

आधी थोडं मागे जाऊ. वझीरएक्स मार्च २०१८ मध्ये मुंबईत सुरू झालं. निश्चल शेट्टी, समीर म्हात्रे आणि सिद्धार्थ मेनन हे संस्थापक. मुहूर्त काय काढला होता बघा: ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार बंद करायला सांगितलं. मग वझीरएक्सने थेट माणसामाणसांतल्या व्यवहाराची वाट काढली आणि तग धरला. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, पाठोपाठ लॉकडाऊन आला, सगळे घरात मोबाईल घेऊन बसले आणि २०२१ मध्ये क्रिकेट मॅचच्या ब्रेकमध्ये क्रिप्टोच्या जाहिराती दिसायला लागल्या. २०२२ मध्ये नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस लागला. गर्दी ओसरली, पण लोकांची टोकन्स ॲपमध्येच पडून राहिली. आता मुद्दा असा की ॲपमध्ये दिसणारं टोकन म्हणजे कंपनीच्या वहीतली तुमच्या नावाची नोंद. किल्ली कंपनीकडे.

ही किल्ली म्हणजे प्रायव्हेट की, एक भलामोठा आकडा. तो ज्याच्याकडे, टोकन त्याचं. ब्लॉकचेनला तुमचं आधार कार्ड माहीत नसतं. हा आकडा कॉम्प्युटरवर ठेवला तर काय होतं हे जगाला फार लवकर कळलं. मार्च २०१२ मध्ये लिनोड या होस्टिंग कंपनीत घुसखोरी झाली आणि प्रागच्या मारेक पालाटिनुसच्या मायनिंग पूलचे ३,०९४ बिटकॉइन गेले. त्याने आणि पावोल रुस्नाकने मिळून मग ट्रेझर बनवलं, २०१४ मध्ये ते लोकांच्या हातात आलं. पहिलं हार्डवेअर वॉलेट. त्याच वर्षी जपानमधलं माउंट गॉक्स एक्सचेंज बुडालं आणि फ्रान्समध्ये लेजर कंपनी उभी राहिली. लोक घाबरले होते, त्यामुळे धंदा चालला.

कल्पना साधी आहे. किल्ली त्या छोट्या डब्यातच जन्मते आणि बाहेर कधीच येत नाही. कॉम्प्युटर डब्याला विचारतो, "यावर सही देतोस का?" डबा छोट्या स्क्रीनवर व्यवहार दाखवतो, तुम्ही बटण दाबता, सही बाहेर येते. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असला तरी त्याला किल्ली मिळत नाही. खरंच चांगलं इंजिनियरिंग आहे. मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे या साधेपणाचं मला कौतुक वाटतं.

वझीरएक्सचं ज्या वॉलेटमधून गेलं त्याची व्यवस्था तर याहून कडक होती. सहा सह्याकर्ते: पाच वझीरएक्सचे, एक लिमिनल या कस्टडी कंपनीचा. व्यवहाराला वझीरएक्सच्या तिघांची मंजुरी लागायची, तिघांकडे लेजरचे डबे, आणि शेवटची सही लिमिनलची. शिवाय पैसे फक्त आधी ठरवलेल्या पत्त्यांवरच जातील अशी यादी. कागदावर याहून जास्त काय मागणार?

१८ जुलै २०२४ ला चोराने किल्ली चोरलीच नाही. सह्याकर्त्यांसमोर कॉम्प्युटरवर नेहमीचा व्यवहार दिसत होता. डब्याकडे सहीसाठी गेलं ते वेगळंच. ज्यावर सह्या झाल्या त्याने वॉलेटचा मूळ कोडच बदलला आणि चोराचं कॉन्ट्रॅक्ट त्या जागी बसवलं. कोड बदलल्यावर चार सह्या, पत्त्यांची यादी, सगळं निरर्थक. शिबा इनूची सुमारे दहा कोटी डॉलरची टोकन्स, पंधरा हजारांवर इथर आणि बाकीचं बरंच काही धुऊन नेलं. कंपनीकडे लोकांचं जेवढं होतं त्यातला ४५ टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा.

पण डब्यावर तर स्क्रीन होती ना? होती. नाण्याएवढ्या त्या स्क्रीनवर साधा व्यवहार वाचता येतो: इतकी रक्कम, या पत्त्यावर. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा गुंतागुंतीचा व्यवहार आला की तिथे फक्त अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक लडी दिसते. माणूस ती काय वाचणार? तो कॉम्प्युटरवर बघतो, "बरोबर आहे" म्हणतो आणि डब्यावर बटण दाबतो. याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात. आंधळी सही. आईच्या स्लिपा.

इथे मला शिवकालीन पत्रं आठवतात. इतिहासाचा पॉडकास्ट आहे, तेव्हा हे विषयांतर चालवून घ्या. त्या पत्रांवर दोन ठसे असायचे. वर शिक्का, म्हणजे पत्र कोणाचं ते कळावं. आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. महाराजांच्या मोर्तबेवर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं होती: इथे मर्यादा आली, मजकूर इथे संपला. म्हणजे मागाहून कुणी खाली दोन ओळी घुसडल्या तर लगेच उघडं पडावं. सही कोणाची आणि सही कशावर, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्या दफ्तरखान्याला पक्कं माहीत होतं. हार्डवेअर वॉलेटने पहिला प्रश्न झकास सोडवला. दुसरा अर्धवट राहिला.

दोष कोणाचा? वझीरएक्स म्हणालं, लिमिनलच्या स्क्रीनवर दिसलं एक आणि सही झाली दुसऱ्यावरच. लिमिनल म्हणालं, आमची यंत्रणा शाबूत आहे. दोघांनी बाहेरच्या तपासण्यांचे दाखले दिले. १४ जानेवारी २०२५ ला अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाच्या संयुक्त निवेदनात ही चोरी उत्तर कोरियाच्या नावावर टाकली गेली. सहा आठवड्यांच्या आत, २१ फेब्रुवारीला, दुबईच्या बायबिट एक्सचेंजमधून जवळजवळ दीड अब्ज डॉलर गेले. पद्धत तीच: स्क्रीनवर ठीक, सहीखाली भलतंच. तिथेही लेजरचा डबा होता.

आणि ज्यांची टोकन्स होती त्यांचं काय? पैसे काढणं त्याच दिवशी बंद. मग समजलं की कायद्याच्या हिशेबात त्यांचं देणं झेटाय नावाच्या सिंगापूरच्या कंपनीकडे आहे, म्हणून कोर्टही सिंगापूरचं. ठाण्या-कल्याणची पोरं झूमवर परदेशी वकिलांचं इंग्रजी समजून घेत होती. मतदान झालं, जून २०२५ मध्ये कोर्टाने योजना फेटाळली, सुधारून पुन्हा मतदान झालं, ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याच महिन्यात ॲप परत उघडलं. सव्वा वर्ष. मधल्या काळात बाजार वर गेला आणि खाली आला, यांना फक्त बघायला मिळालं.

मग आपल्यासारख्याने डबा घ्यावा का? माझं मत: दोन-चार हजारांसाठी नको, डब्यालाच पैसे मोजावे लागतात. जास्त असेल आणि बरीच वर्षं ठेवायचं असेल तर घ्या, पण कंपनीकडून थेट घ्या. सेकंडहँड घेऊ नका. डब्यासोबत आधीच शब्द लिहिलेलं कार्ड आलं तर तो सापळा समजा, कारण ते शब्द विकणाऱ्यालाही माहीत असतात. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे २ लाख ७२ हजार गिऱ्हाइकांची नावं-पत्ते फुटले आणि पुढे त्यातल्या काहींच्या घरी टपालाने बनावट डबे आले, "जुना बदला" अशा पत्रासकट.

तुमचा डबा स्वतः शब्द देईल, बऱ्याचदा चोवीस, २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून. डबा हरवला तरी या शब्दांवरून सगळं परत उभं करता येतं, आणि शब्द दुसऱ्याला मिळाले तर त्यालाही. म्हणून कागदावर, हाताने. फोटो नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज नाही, गुगल ड्राइव्ह नाही. आमच्याकडे पावसाळ्यात घरात पाणी शिरायचं, त्यामुळे मी म्हणेन कागद दोन करा आणि दुसरा वेगळ्या घरात ठेवा. आणि मोठी रक्कम टाकायच्या आधी एकदा थोडीशी टाकून डबा पुसा, शब्दांवरून परत आणून बघा. हे कोणी करत नाही.

पत्ता जुळवताना पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडू नका, तशी जुळणारे पत्ते मुद्दाम बनवले जातात. आणि डब्यावर जे वाचता येत नाही त्यावर बटण दाबू नका. ब्लाइंड सायनिंगची सेटिंग बंद ठेवा. एखादी साइट "आधी ती चालू करा" म्हणाली तर टॅब बंद करून चहा प्या.

आईला मी हे सगळं सांगितलं. शिबा इनू म्हणजे कुत्रा, हे ऐकून ती बराच वेळ हसत होती. मग तिने दोन स्लिपा फाडल्या. उरलेल्या दोन ठेवल्यात, कारण मे महिन्यात अध्यक्षबाई गावी जाणार आहेत.