प्रमाणपत्र आणि वैधता
* विशेष विवाह अधिनियम, १९५४ खालचे लग्न कोणी नाकारले, तर विवाह अधिकाऱ्याच्या पुस्तकातले प्रमाणपत्र कामी येते. त्यावर वधूवरांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या असतात. कलम १३ नुसार लग्न लागल्याचा तो निर्णायक पुरावा. सप्तपदी झाली का, भटजी कोण होते, ही उलटतपासणी इथे गैरलागू. मात्र लागलेले लग्न वैध असतेच असे नाही. त्या वेळी पहिला जोडीदार हयात होता असे सिद्ध झाल्यास कलम २४ खाली ते शून्य ठरते. ही टीप ज्या कथेला जोडली आहे, तिच्यातले वकील लग्न लागणे आणि ते वैध असणे या दोहोंची गल्लत करतात, बहुधा जाणूनबुजून. हिंदू विवाह अधिनियमाखालच्या नोंदणीला एवढे बळ नाही: विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. — संपा.