मोहन नारायणराव सामंत

कॅप्टन मोहन नारायणराव सामंत (मृत्यू : २० मार्च २०१९) हे भारतीय नौदलातील पाणबुडी अधिकारी होते. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील मोंगला व खुलना या बंदरांवर केलेल्या हल्ल्यांच्या नेतृत्वाबद्दल त्यांना महावीरचक्र प्रदान करण्यात आले. त्या वेळी ते कमांडर होते. सप्टेंबर १९६९ मध्ये सोव्हिएत संघातील रीगा येथे नौदलात दाखल झालेल्या आयएनएस करंज या पाणबुडीचे ते पहिले कप्तान होत.

नौदल कमांडोंची उभारणी

मार्च १९७१ च्या अखेरीस फ्रान्समधील तुलाँ बंदरात असलेल्या पाकिस्तानी पाणबुडी मँग्रोवरील आठ बंगाली नौसैनिक पसार होऊन भारतात आले. त्यांना केंद्रस्थानी ठेवून भागीरथीकाठी प्लासी येथे मुक्तिवाहिनीच्या पाणसैनिकांसाठी गुप्त प्रशिक्षण शिबिर उभारण्यात आले. नौदल गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख कॅप्टन एम. के. रॉय यांच्या देखरेखीखाली चाललेल्या या मोहिमेत सामंत यांच्यावर महत्त्वाची जबाबदारी होती. प्रशिक्षणार्थी बहुतेक विद्यार्थी व शेतकऱ्यांची मुले होती. पोहणे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते, शिकायचे होते ते जहाजाच्या तळाला चुंबकी सुरुंग चिकटविणे. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर व नारायणगंज येथे एकाच वेळी हल्ले झाले. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून प्रसारित झालेली ठरावीक गाणी हाच त्यांचा इशारा होता.

मोंगला व खुलना

डिसेंबरमध्ये सामंत यांनी आयएनएस पनवेल ही गस्ती नौका आणि मुक्तिवाहिनीच्या पद्मा व पलाश या तोफनौका यांच्या ताफ्याचे नेतृत्व केले. सीमा सुरक्षा दलाची एक नौकाही सोबत होती. सुंदरबनातील अवघड, अपरिचित जलमार्गाने जाऊन त्यांनी मोंगला येथे शत्रूला बेसावध गाठले आणि लगेच खुलनाकडे कूच केले.

१० डिसेंबर रोजी खुलनाजवळ आघात झाला तो स्वकीयांकडून. नौकांवर ओळखीसाठी पिवळी खूण असूनही भारतीय हवाई दलाच्या विमानांनी त्यांना शत्रूच्या समजून हल्ला चढविला. पद्मा व पलाश बुडाल्या. पनवेल मात्र वाचली. सामंत यांनी माघार न घेता वाचलेल्या अनेक सैनिकांना, त्यांत कित्येक गंभीर जखमी होते, या आधीच भरलेल्या छोट्या नौकेवर घेतले. शत्रूच्या माऱ्यात केलेली ही सुटका, मोंगला येथील यशाइतकीच, त्यांच्या सन्मानास कारणीभूत ठरली.

पलाशच्या यंत्रकक्षातील मोहम्मद रुहुल अमीन यांनी नौका सोडण्यास नकार दिला. त्यांना मरणोत्तर बीरश्रेष्ठ हा बांगलादेशाचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. पनवेलचे कप्तान लेफ्टनंट कमांडर जे. पी. ए. नरोन्हा आणि जखमी अवस्थेत लढून शत्रूच्या हाती सापडलेले लीडिंग सीमन चिमन सिंग हेही महावीरचक्राचे मानकरी ठरले. एकाच छोट्या ताफ्याला तीन महावीरचक्रे, ही विरळा घटना होय.

या गुप्त मोहिमेची हकीकत बराच काळ सर्वसामान्यांना अज्ञात होती. सामंत यांनी पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेले ऑपरेशन एक्स हे इंग्रजी पुस्तक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.